टूनचं लांब नळीचं पिस्तूल

बेस्ट, १५ नोव्हेंबर २०२०

अण्णा,

काल लक्ष्मीपूजनाला फोन केला, तेव्हा तुम्ही "बरी हाय तब्येत" म्हणालात आणि फोन वीणाकडे दिलात. तक्रार म्हणून लिहीत नाही. एकवीस वर्षं आपलं बोलणं एवढंच आहे आणि त्यातलं अर्धं मीच तोडलेलं आहे. पण फोनवर दुसरं काही सुचत नाही, म्हणून कागद घेतला.

मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुमच्याइतकी कुणालाच कळणार नाही. तुम्ही तीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात काढलीत. प्रश्न पिस्तुलाचा आहे.

गेलं वर्षभर मी इथे बेस्ट गावातल्या एका शूटिंग क्लबमध्ये जाते. वीणाला, सख्ख्या बहिणीलाही, माहीत नाही; फक्त नवऱ्याला, सुश्रुतला माहीत आहे. मागच्या वर्षी सप्टेंबरात सायकलवरून कामाहून येताना एका शेडवर पाटी दिसली. त्या दिवशी तशीच पुढे गेले. आठ दिवसांनी परत त्या रस्त्याने आले आणि आत शिरले. त्यांनी क्लबचं आखूड पॉइंट टूटू पिस्तूल हातात दिलं. मी वीस गोळ्या मारल्या. किती लागल्या ते सांगत नाही. हात मात्र विसरला नव्हता.

सध्या साथीच्या रोगामुळे आत मोजकीच माणसं सोडतात. त्यांच्यात टून नावाचे एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ आहेत. दिव्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, चाळीस वर्षं या क्लबात. इथे वडीलधाऱ्यांनाही नावानेच हाक मारतात, त्याची मला अजून सवय होत नाही. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. त्यांच्याकडे पन्नास मीटरचं पिस्तूल आहे. एका वेळी एकच गोळी, लांब नळी, हाताभोवती बसणारी लाकडी मूठ. तुम्ही पोलीस मॅचला मारायचात, तसलं. पन्नास मीटर पुरुषांचं असतं म्हणून तुम्ही मला त्याला हात लावू दिला नव्हतात.

टूनचा परवाना येत्या जूनअखेर संपतो. डोळ्यांमुळे ते तो वाढवणार नाहीत. त्याआधी पिस्तूल परवाना असलेल्या माणसाकडे गेलं पाहिजे. ते मला म्हणाले, "तू घेशील का?"

मी विचार करून सांगते म्हणाले. तीन आठवडे झाले, विचार काही होत नाही. सकाळी घ्यावंसं वाटतं आणि संध्याकाळी वाटतं, या वयात हे काय.

१९९९च्या फेब्रुवारीबद्दल मी लिहिणार नाही. तुम्हीही लिहू नका. फक्त पिस्तुलाबद्दल सांगा.

मालिनी


बेस्ट, २४ जानेवारी २०२१

अण्णा,

तुमचं पत्र काल मिळालं. पोहोचायला साडेपाच आठवडे लागले. पाकिटावर तुमचं अक्षर पाहून सुश्रुत म्हणाला, "हे कोणाचं?" लग्नाला सोळा वर्षं झाली, त्याने तुमचं अक्षर कधी पाहिलं नव्हतं.

तुम्ही चारच ओळी लिहिल्यात. ट्रिगर किती ग्रॅमचा. नळी आतून पाहिलीस का. मूठ कुणाच्या हाताला तासलेली. आणि चौथी, कशाला पाहिजे.

पहिल्या तीनची उत्तरं अजून नाहीत, कारण डिसेंबरच्या मध्यापासून क्लब बंद आहे. शाळा बंद, दुकानं बंद, आणि कालपासून रात्री नऊनंतर बाहेर पडायलाही बंदी. कंपनी मात्र चालू आहे. चिप बनवणाऱ्या मशीनमधला एक टेबल हलू नये, हे माझं काम. माणसाच्या केसाच्या हजाराव्या भागाएवढाही नाही. दिवसभर ते करते आणि घरी आल्यावर मला एका खुर्चीत दहा मिनिटं बसवत नाही. सुश्रुत जेवणाच्या टेबलावर मीटिंगा घेत असतो. मी स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात. कालव्याकाठी चालायला जाते आणि अर्ध्यातून परत फिरते, काहीतरी राहिलंय असं वाटून. काही राहिलेलं नसतं.

हात जाऊ नये म्हणून रोज इस्त्री हातात घेऊन सरळ धरून उभी राहते. सुश्रुतने परवा मीटिंगचा आवाज बंद करून विचारलं, "मालिनी, हे नक्की काय चाललंय?"

"हात स्थिर ठेवतेय."

"हात आहे तुझा स्थिर. बाकीचं बघ."

पिस्तूल घरात ठेवायला त्याचा नकार आहे. ओरडत वगैरे नाही. तो म्हणतो, लोखंडी कपाट भिंतीत ठोकायचं, पोलीस येऊन तपासणार, आपण सुट्टीवर गेलो तरी डोक्यात ते. क्लबचं पिस्तूल आहे की, ते मार. आखूड असलं म्हणून काय झालं. लांब नळीने नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातलं अंतर वाढतं, चूक लवकर दिसते, हे त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हे तू मला सांगतेस की स्वतःला?"

कशाला पाहिजे, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहिते. मला पन्नास मीटर मारून बघायचंय. बस्.

(हे वाचलं तर खोटं वाटतं. पण खोडत नाही.)

मालिनी


बेस्ट, १४ मार्च २०२१

अण्णा,

काल टूनच्या घरी गेले. क्लब अजून बंद आहे, म्हणून त्यांनीच बोलावलं. दोघं मास्क लावून, खिडक्या उघड्या टाकून बसलो. हात थंडीने गारठले होते. त्यांनी कपाटातून पेटी काढली, नळी उघडून रिकामी असल्याचं आधी मला दाखवलं, मगच हातात दिलं. तुमच्यासारखंच.

नळी आतून पाहिली. आरशासारखी आहे. ट्रिगर तीस ग्रॅमचा, नुसतं बोट टेकवलं की सुटतो. मूठ टूनच्या हाताची आहे. माझी करंगळी मोकळी राहते, आतून लाकूड भरावं लागेल. तुमचे तीन प्रश्न संपले.

मी ते उचलून बागेतल्या एका फांदीवर नेम धरला. नळी इतकी लांब की टोक माझ्या श्वासाबरोबर हलताना दिसत होतं. मग ते थांबलं. टूनना ते दिसलं नसणार, पण माझा श्वास ऐकू आला असेल.

"तू आधी मारायचीस," ते म्हणाले. "मनापासून मारायचीस. मग का सोडलंस?"

"अभ्यास होता," मी म्हणाले.

"अभ्यास," ते म्हणाले आणि पेटी बंद केली. पुढे काही विचारलं नाही.

तिथून सायकलवर घरी येताना मला तुमचा इतका राग आला की एका पुलापाशी उतरून उभी राहिले. मी लिहिणार नाही म्हटलं होतं. लिहिते.

मी वीस वर्षांची होते. दिल्लीला तीन दिवसांची निवड चाचणी होती. आईला आदल्या आठवड्यात किडनीच्या दुखण्यासाठी दवाखान्यात ठेवलेलं. तुम्ही म्हणालात, चार दिवसांत घरी येईल, तू जा. आपल्याकडे फोन नव्हता. मी रोज संध्याकाळी एसटीडी बूथवरून वासुदेवकाकांकडे फोन करायची, तुम्ही तिथे येऊन थांबायचात. पहिल्या दिवशी म्हणालात, बरी आहे. दुसऱ्या दिवशी म्हणालात, झोपलीय. तिसऱ्या दिवशी म्हणालात, झोपलीय, तू नेमाकडं बघ. मी नेमाकडे बघितलं. सहाशेपैकी पाचशे एकाहत्तर. तेवढे मी आधी कधी मारले नव्हते, आणि नंतर मारायचा प्रश्नच आला नाही.

कोल्हापूर स्टेशनवर तुम्ही आला नव्हतात. काका आले होते. त्यांनी माझी बॅग घेतली नाही, हात धरला, प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, "मालू, वहिनी गेल्या, आज तीन दिवस झाले. दुसऱ्या दिवशी सगळं झालं." त्या घरात मला खरं सांगणारा माणूस तो एकटा. तुमचा धाकटा भाऊ. आणि तुम्ही दारात उभे होतात, तुमचं पहिलं वाक्य होतं, "किती?"

पाचशे एकाहत्तर, अण्णा. आई गेलेली असताना मी एकेक गोळी सावकाश, श्वास धरून मारत होते. ते मला माहीत असतं तर मारल्या नसत्या. तोच तर तुमचा हिशोब होता.

पिस्तूल तुमच्या हातात दिलं आणि पुण्याला इंजिनिअरिंगच्या मागे लागले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

कशाला पाहिजे, याचं उत्तर मला अजून माहीत नाही. पण पन्नास मीटर मारून बघायचंय, हे ते नाही.

मालिनी


बेस्ट, २९ एप्रिल २०२१

अण्णा,

हे पत्र मी टाकणार नाही. पण लिहिल्याशिवाय मला आज कामावर जाता येणार नाही.

मंगळवारी इथे राजाच्या वाढदिवसाची सुट्टी होती. दरवर्षीचा बाजार नव्हता, तरी समोरच्या घरातली मुलं फुटपाथवर जुनी खेळणी मांडून बसली होती. तेव्हा वीणाचा फोन आला. वासुदेवकाका सकाळी साडेदहाला गेले. दवाखान्यात कुणाला आत सोडलं नाही. सरलाकाकू स्वतः तापाने घरी झोपून, मूलबाळ नाही, तुम्ही वीणाच्या घरी ऑक्सिजनवर. महापालिकेच्या माणसांनी नेलं. काकूंना लांबून सुद्धा पाहता आलं नाही.

वीणा रडत नव्हती. ती भराभर बोलत होती. "डॉक्टर म्हणतात, अण्णांचा ऑक्सिजन एक्याण्णवला टेकलाय, आता धक्का नको. पंधरा दिवस तरी नको. तू सांगू नकोस. शपथ घे."

मी शपथ घेतली.

काल दुपारी तुमचा फोन आला. तुम्ही स्वतः लावलेला. माझ्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. तुमचा श्वास शब्दाशब्दाला तुटत होता.

"तुझं पत्र मिळालं," तुम्ही म्हणालात. "त्याचं मागनं बोलू. आधी सांग, वासू कसा हाय? वीणा नजर चोरती माझ्यापासनं. तू खोटं बोलणार न्हाईस, म्हणून तुला फोन लावला."

मी बाल्कनीत उभी होते. काय उत्तर द्यायचं ते मी ठरवलं नव्हतं, हे मी कुणाच्याही शपथेवर सांगेन. तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं.

"झोपलेत काका, अण्णा."

तुम्ही थोडं थांबलात. मग म्हणालात, "बरं. झोपू दे."

तुम्ही ओळखलंत का? ते दोन सेकंद मी कालपासून परत परत ऐकतेय. वीणा सांगते, त्यानंतर तुम्ही अर्धी वाटी भात खाल्लात आणि ऑक्सिजन त्र्याण्णव झाला. म्हणजे मी बरोबर केलं असणार. तुम्हीही तेव्हा बरोबरच केलं होतंत, असं पाचशे एकाहत्तर म्हणतातच की.

सुश्रुतला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू काय वेगळं बोलणार होतीस?" मला माहीत नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला जे विचारत होते, ते आता कुणाला विचारू?


बेस्ट, २ मे २०२१

अण्णा,

शुक्रवारी फोनवर जे बोललो, ते तुम्हाला आठवत असेलच. तरी लिहून ठेवते, कारण वीणा म्हणते तुम्हाला ग्लानी होती, आणि मला ते तसं पुसट राहू द्यायचं नाही. गुरुवारचं पत्र याच पाकिटात घालते.

मी आधी वीणाला फोन केला. म्हटलं, मी शपथ मोडणार आहे, तू त्यांच्याजवळ बस, डॉक्टरांना विचारून ठेव. ती संतापली. म्हणाली, "तू तिकडं बसून सांगशील आणि इकडं सांभाळायचं मला." खरं होतं. सात हजार किलोमीटरवरून सांगणं सोपं असतं. इथून निघायचं म्हटलं तर विमानंही बंद झालेली. मी म्हटलं, "होय. तरी सांगणार. त्यांनी मला विचारलंय, वीणा. आपण नंतर सांगू तेव्हा ते आपल्याला परत कधी काही विचारणार नाहीत. आईच्या वेळेनंतर मीही त्यांना कधी काही विचारलं नाही."

शेवटी ती म्हणाली, "संध्याकाळी पाचला कर. डॉक्टर साडेचारला येऊन जातात. तपासून घेते."

पाचला तुम्ही फोन घेतलात.

"अण्णा, परवा मी तुमच्याशी खोटं बोलले. काका झोपले नव्हते. काका गेलेत."

मला मागचं यंत्र ऐकू येत होतं, हवा ओढल्याचा आवाज.

"कवा?"

"मंगळवारी सकाळी साडेदहाला."

"कोण होतं जवळ?"

"कुणी नाही. कुणाला सोडलं नाही."

"पेटवलं कुणी?"

"महापालिकेच्या माणसांनी. त्यांची नावं माहीत नाहीत."

मग तुम्ही रडलात. मी तुम्हाला रडताना कधी ऐकलं नव्हतं. वीणा "अण्णा, हळू, श्वास घ्या" म्हणत होती आणि आकडे मोजत होती. ब्याण्णव, नव्वद, एकोणनव्वद. मी इथे बाल्कनीचा कठडा धरून उभी. मला वाटलं, मी तुम्हाला मारलं. तेवढी सात-आठ मिनिटं मला तुमची सगळी माफी मागावीशी वाटली, म्हणजे १९९९ची सुद्धा. मग नव्वद झाले, ब्याण्णव झाले, आणि तुम्ही म्हणालात, "सरलेला कुणीतरी जेवण पोचवा." नंतर फोन कट झाला.

आज सकाळी वीणाने कळवलं, चौऱ्याण्णव. रात्री झोपलात म्हणे. खरोखर झोपलात का, हे मी तिला दोनदा विचारलं.

मालिनी


बेस्ट, २० जून २०२१

अण्णा,

तुमच्या पत्राचे फोटो वीणाने मोबाइलवर पाठवले. पोस्ट पोहोचेपर्यंत थांबायची तुमची तयारी नव्हती, असं ती म्हणाली. तीन पानं. मी ती छापून घेतली आणि दोन दिवस बरोबर घेऊन फिरतेय.

तुम्ही लिहिलेलं तुम्हालाच परत लिहिते, म्हणजे मी नीट वाचलं हे कळेल.

"नेमासाठी लपवलं असं तू समजतेस. मीही लोकांना तेच सांगत आलो. ते खरं नाही. तुझा फोन आला तेव्हा तुझी आई जाऊन चार तास झाले होते. सांगायचं म्हणूनच वासूच्या घरी थांबलो होतो. तू विचारलंस, आई कशी आहे, आणि तोंडातून झोपली आहे असं आलं. मग ते मागं घेता येईना. दुसऱ्या दिवशी फोन आला तर आणखीच अवघड. नेमाचं कारण मागून सुचलं. तू पाचशे एकाहत्तर मारलेस तेव्हा ते पक्कं झालं. दारात किती म्हणून विचारलं, कारण दुसरं काही विचारायचं धाडस नव्हतं. कडक बाप म्हणवून घेणं जमलं. भित्रा म्हणवून घेणं जमलं नाही. स्टेशनावरही वासूला पाठवलं. माझं काम त्यानं केलं."

अण्णा, मी इतकी वर्षं एका कडक माणसावर रागावले होते. त्याच्याशी मनातल्या मनात भांडणं केली, त्याला जिंकू द्यायचं नाही म्हणून पिस्तुलाला हात लावला नाही. आता कळतं, त्या फोनपाशी तो उभाच नव्हता. तिथे उभा होता तो माणूस मी एप्रिलात बाल्कनीत, माझ्यातच, पाहिला. मला त्याच्यावर रागावता येत नाही. पण राग एकदम कुठे ठेवायचा तेही कळत नाही. दोन दिवस नुसती चालतेय. काल कालव्याकाठी शेवटपर्यंत गेले.

शेवटी तुम्ही लिहिलंय, "पिस्तूल घे. मुठीत लाकूड भरताना आधी मेणाचा साचा कर." ते वाचून मी हसले, कारण ते पिस्तूल आता मला मिळणार नाही.

मे महिन्यात क्लब उघडला, सुश्रुतही हो म्हणाला. त्याने स्वतः लोखंडी कपाटाची मापं काढली. म्हणाला, "तू इस्त्री धरून उभी राहतेस त्यापेक्षा हे बरं." मी अर्ज केला. दहा जूनला पोलिसांनी बोलावलं. इथे परवान्याआधी कॉम्प्युटरसमोर बसवून पुष्कळ प्रश्न विचारतात. झोप कशी लागते, दारू किती पिता, राग येतो का. त्यात एक असा होता की अलीकडे जवळचं कुणी गेलं आहे का.

नाही लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? कोल्हापुरातला काका. इथल्या कागदांत त्याचं नावही नाही. आणि टूनची मुदत वीस दिवसांवर. माझं बोट "नाही"वर गेलं होतं, अण्णा, हे तुम्हाला सांगते. मग "हो" दाबलं. त्यापुढच्यालाही "हो". झोप लागत नाही.

नंतर एक पोलीस बाई समोर बसल्या. वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, काका. त्या म्हणाल्या, "काका म्हणजे फार जवळचे?" मी उत्तर द्यायला गेले आणि मला बोलताच येईना. त्यांनी पाणी आणून दिलं. अर्धा तास बसलो. शेवटी म्हणाल्या, "मी तुम्हाला नाकारत नाही. पण आज देतही नाही. सप्टेंबरात या, तेव्हा बोलू."

"मला पाहिजे ते पिस्तूल तोवर जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या. "ते मला दिसतंय."

टूनना जाऊन सांगितलं. खोटं का नाही लिहिलंस, असं ते विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "काका कसे होते?" मी त्यांना काकांबद्दल सांगत बसले. काका बुद्धिबळात तुम्हाला मुद्दाम जिंकू द्यायचे आणि तुम्हाला ते कळायचं, हे सुद्धा.

पिस्तूल टिलबर्गच्या एक डेंटिस्ट बाई नेणार आहेत.

मालिनी


बेस्ट, ५ सप्टेंबर २०२१

अण्णा,

काल फोनवर तुम्ही विचारलंत, परवान्याचं काय केलंस. क्लबात मागे आवाज होता म्हणून नीट सांगता आलं नाही.

पुन्हा अर्ज केला नाही. करता येईल, पोलीस बाईंचा निरोपही आला होता. मला पिस्तूल नको झालंय असं समजू नका. हवं होतं, अजून हवं आहे. मागच्या आठवड्यात त्या टिलबर्गच्या बाई मॅचसाठी आल्या होत्या, त्यांच्या हातात ते पाहिलं. त्यांनी मूठ बदलून घेतली आहे आणि फार चांगलं मारतात. मला हेवा वाटला. त्यांनी मला पाच गोळ्या मारू दिल्या. पन्नास मीटरवर दोन कागदावर लागल्या, तीन कुठे गेल्या कुणालाच माहीत नाही. टून म्हणाले, भिंतीला विचार.

कशाला पाहिजे, याचं उत्तर आता देता येतं. मला ते तुम्हाला दाखवायचं होतं. इतक्या वर्षांनी, तुम्ही हात लावू दिला नव्हतात ते पिस्तूल, माझ्या नावावर. ते कारण आता राहिलेलं नाही. दुसरं कारण असेल तर ते वर्षाभरातही टिकेल, तेव्हा बघेन. तोवर क्लबचं आखूड पुरतंय. शनिवारी जाते, चाळीस गोळ्या मारते, सायकलवर घरी येते. घरी आल्यावर बसता येतं. सुश्रुतने आणलेल्या लोखंडी कपाटात आता सायकलचा पंप ठेवलाय.

नोव्हेंबरचं तिकीट काढलंय. सुश्रुतला सुट्टी नाही, मी एकटी येतेय, सतरा दिवस. वीणाला सांगितलंय की स्टेशनवर तुम्हाला आणायचं. चालवत नसेल तर रिक्षातून, पण तुम्हीच या.

पहिल्या दिवशी सरलाकाकूंकडे जाऊ. त्या म्हणाल्या, काका गेले त्या मंगळवारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालत गेल्या होत्या, ताप असताना, आणि रखवालदाराने परत पाठवलं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला फोनवर सांगितलं. तुम्हाला सांगायला हरकत नाही म्हणाल्या.

आणि एका सकाळी आपण दोघं नदीवर जाऊ. मी घाटावर आजवर कधी गेलेले नाही. दर वेळी कोल्हापूरला आले की रिक्षा त्या बाजूने नेऊ नका म्हणायची, तुमच्या लक्षात आलं असेल. आईला चितेवर कुठे ठेवलं होतं, ती जागा तुम्ही मला दाखवा. त्या दिवशी काय काय झालं, कोण होतं, तुम्ही काय केलंत, सगळं सांगा. घाई नाही, सतरा दिवस आहेत.

काकांची जागा तुम्हालाही माहीत नसणार. तिथल्या माणसांना विचारावं लागेल. ते मी विचारीन.

तुमची,
मालू